कादंबरीचा पहिला भाग नेमका कुठे तोडावा? (क्लिफहँगर, म्हणजे ऐन उत्कंठेत टांगून ठेवणाऱ्या शेवटाबद्दल मदत हवी)

शाईचा डाग

नमस्कार मंडळी. तीन भागांची कादंबरी लिहायला घेतली आहे. पहिल्या भागाचा खर्डा २१४ पानांचा झाला आणि शेवटच्या पानावर गाडी अडली. चौघांना वाचायला दिला होता. दोघांना शेवट फार आवडला. एकीने रात्री फोन करून "अगं, इथेच?" म्हणून जाब विचारला. चौथा मात्र काहीच बोलला नाही. तो वाचताना पानापानाच्या समासात पेन्सिलीने काही ना काही लिहितो. शेवटच्या पानाचा समास कोरा होता. मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. नायिका थोरली बहीण. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्रात घर तिच्या एकटीच्या नावावर आहे. धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला, बोट बुडाली, प्रेत सापडलं नाही, सगळ्यांनी त्याला मेलेला धरलं आहे. मृत्युपत्रावरची सही वडिलांची वाटत नाही, हे नायिकेच्या लक्षात येतं आणि पहिला भागभर ती तेवढंच शोधते आहे: सही खरी की खोटी? शेवटच्या प्रकरणात हस्ताक्षर तपासणाऱ्याचा अहवाल टपालाने येतो. ती पाकीट टेबलावर ठेवते, उघडत नाही. आणि मग:

"रात्री दीडच्या सुमारास दारावर थाप पडली. पुन्हा पडली. ती कंदील घेऊन उठली. कडी काढली. दार किलकिलं केलं. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा उजेडात आला आणि तिच्या हातातून कंदील गळून पडला."

खाली 'पहिला भाग समाप्त'.

दुसरा भाग यायला कमीत कमी वर्ष लागेल. हा शेवट वाचकाला ओढून नेतो की फसवतो? भीड न ठेवता लिहा, अजून छापायला गेलेलं नाही.

पानखूण

वाचला आणि खरं सांगते, चिडले.

दारात कोण आहे हे नायिकेने पाहिलं. मी नाही पाहिलं. तुमच्या सारांशातही मी तिच्या डोळ्यांनी बघत आले, तिने पाकीट हातात घेतलं तेव्हा मीही घेतलं, आणि नेमक्या शेवटच्या ओळीत तुम्ही माझे डोळे बांधले. आता मला जे कुतूहल वाटतंय ते गोष्टीतून आलेलं नाही, लेखिकेने चेहऱ्यावर हात ठेवल्यामुळे आलंय. आणि नऊ वर्षांपूर्वी प्रेत न सापडलेला भाऊ आहे म्हटल्यावर दारात तोच असणार हे कोणीही सांगेल. म्हणजे लपवलंही, आणि लपलंही नाही.

बाकी गोष्ट मात्र वाचायला आवडेल. म्हणूनच एवढं लिहिलं.

धावती पानं

माझं मत थोडं वेगळं. मला टांगलेले शेवट मनापासून आवडतात. जीव टांगणीला लागणं हाही वाचनातला आनंदच आहे, त्याला फसवणूक म्हणू नका. एका मालिकेच्या दोन भागांमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी सव्वा वर्ष भांडत होतो की तो पत्र लिहिणारा माणूस कोण. वह्या भरल्या होत्या तर्कांनी. पुढचा भाग आला, उत्तर कळलं, ते चांगलंही होतं, पण आज मला पुस्तकापेक्षा ते सव्वा वर्ष जास्त आठवतं. सगळे भाग एकदम हातात आलेल्या वाचकाला ते कधीच मिळणार नाही.

शेरलॉक होम्सचंच बघा. डिसेंबर १८९३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात त्याचा लेखक डॉइलने त्याला रायकेनबाखच्या धबधब्यात पाडला. डॉइलच्या मनात तो शेवट होता, पूर्णविराम होता. वाचकांनी तो मानलाच नाही. पत्रं लिहिली, वर्गणी बंद केली. १९०१ मध्ये बास्करव्हिल्सची कादंबरी आली, पण ती आधीच्या काळातली. होम्स जिवंत परतला थेट १९०३ मध्ये. दहा वर्षं वाचकांनी एका संपलेल्या गोष्टीला कड्यावर लटकवून ठेवलं. वाट बघायला माणसं तयार असतात, त्यांना कमी लेखू नका.

पानखूण

धावती पानं, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूला येतं हो. डॉइलने काही लपवलं नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्या वॉटसनला जेवढं कळलं तेवढं सगळं वाचकाला कळलं. पाऊलखुणा, चिठ्ठी, सगळं. लोकांना होम्स परत हवा होता, "धबधब्यात कोण पडलं" हे कोडं सुटायला नको होतं.

तिसरा खर्डा

चांगला धागा. वाखु (वाचनखूण) साठवली.

क्लिफहँगर म्हटलं की थॉमस हार्डीचं नाव निघतंच. त्याची 'अ पेअर ऑफ ब्लू आइज' १८७२-७३ मध्ये 'टिन्सलीज मॅगझिन'मधून क्रमशः आली. त्यात नाइट नावाचा माणूस समुद्रकाठच्या कड्याला शब्दशः लटकतो. त्याच्यासोबतची एल्फ्रिड वर सुखरूप पोचते, मग दिसेनाशी होते, तो एकटा उरतो आणि प्रकरण तिथे तुटतं. शब्द रूढ झाला तो पुष्कळ नंतर, १९३० च्या दशकात, आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या चित्रपट-मालिकांच्या काळात. पण माणूस कड्यावर होता तो इथे.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं प्रकरण. हार्डी त्याची सुटका लगेच करत नाही. नाइटच्या नाकासमोर खडकात एक ट्रायलोबाइट रुतलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, दगड झालेला जीव, आणि त्याचे दगडी डोळे याच्याकडे रोखलेले. मरणाच्या दारात लटकलेल्या माणसाला तो जीव जणू आपल्याच जातीचा वाटायला लागतो. म्हणजे वाचकाला कड्यावर आणून सोडलं ते उगाच नाही, तिथे आल्याशिवाय दिसलंच नसतं असं काहीतरी लेखकाने पुढे दाखवलं. माझी कसोटी हीच. टांगलंत ना? मग पुढच्या भागाच्या पहिल्या पानावर तिथून काय दिसतं ते दाखवा.

उलट बाजू त्या चित्रपट-मालिकांची. एका आठवड्यात गाडी नायकासकट दरीत जाताना दाखवायची आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग पुन्हा दाखवताना नायक गाडी कोसळायच्या आधी उडी मारतो. मागच्या आठवड्यात ती उडी नव्हती. प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं. असं एकदा झालं की पुढच्या प्रत्येक संकटात त्याच्या मनात "हे काही खरं नाही" एवढंच येणार.

शाईचा डाग, तुमच्या शेवटात ही दुसरी चूक नाही. पानखूण म्हणतात ती पहिली मात्र आहे.

कान देऊन

मी ऑडिओ मालिका लिहिते. दहा-बारा मिनिटांचा एक भाग आणि प्रत्येक भागाच्या शेवटी हुक, म्हणजे पुढच्या भागाकडे ओढणारा धक्का, हवाच, ही करारातली नसली तरी बैठकीतली अट. त्यामुळे या विषयात हात पोळलेत.

पहिल्या वीस भागांत माझ्याकडचे सगळे हुक संपले. दारावर थाप, आडनाव न सांगणारा फोन, ब्रेक न लागणं, "थांब! तुला एक सांगायचंय". सुरुवातीला ऐकणारे वाढले, मला वाटलं जमलं. पन्नासाव्या भागाच्या आसपास एका ऐकणाऱ्या बाईंनी लिहिलं, "शेवटचं मिनिट मी आता ऐकतच नाही. त्यात जे होतं ते पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात विरून जातं." त्या बाईंचं एकूण एक बरोबर होतं. दारावर थाप पडायची आणि पुढच्या भागात शेजारचा काहीतरी मागायला आलेला असायचा.

मग मी एक नियम केला आणि उरलेली मालिका त्याच्यावर काढली: तोडायचं ते पात्राने काहीतरी ठरवल्यावर, ठरवण्याचा परिणाम व्हायच्या आधी. म्हणजे बंदूक रोखली आहे तिथे नाही. तिने बंदुकीतल्या गोळ्या काढून ठेवल्या आणि रिकामी बंदूक घेऊन गेली, तिथे. पहिल्या प्रकारात ऐकणारा विचारतो काय होईल. दुसऱ्यात विचारतो की आता ही काय करून बसणार. दुसऱ्या प्रश्नात पात्र आहे. पात्र असलं की आठवडाभर मनात राहतं.

तुमच्या शेवटात नायिका काहीच ठरवत नाही. तिच्याबाबतीत घडतं. पाकीट ती उघडत नाही, दार दुसऱ्याने ठोठावलं म्हणून उघडते, कंदीलसुद्धा ती ठेवत नाही, गळून पडतो.

शाईचा डाग

कान देऊन, तुमचं शेवटचं वाक्य वाचून खर्डा पुन्हा काढला. खरंच की. २१० पानं धडपडणारी बाई शेवटच्या चार पानांत नुसती उभी आहे. आणि हे मला इतक्या महिन्यांत दिसलं नाही.

पण एक शंका. सगळंच सांगून टाकलं तर वाचक पुढच्या भागाला कशाला येईल?

वेताळाचा श्रोता

याचं उत्तर आपल्याकडे हजार वर्षांपासून आहे. वेताळ.

विक्रम-वेताळाच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या नाहीत असं इथे कोणी नसेल. 'कथासरित्सागर'मध्ये, म्हणजे अकराव्या शतकातच, ही माळ आहे. आठवून बघा, वेताळ एकही गोष्ट अर्धवट सोडत नाही. राजपुत्र, मंत्र्याचा मुलगा, तीन वर, जिवंत केलेली मुलगी, सगळ्यांचं काय झालं ते पुरतं सांगतो. आणि मग विचारतो: आता सांग राजा, यांत खरा दोषी कोण? खरा नवरा कोण? माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलतो, मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर.

गोष्ट पुरी झालेली असते आणि प्रश्न उघडा असतो. तो प्रश्न सगळं सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. अर्धी गोष्ट सांगून "कोण दोषी" विचारलं असतं तर राजा म्हणाला असता, आधी पुढचं सांग.

आणि शेवटी ही माळ तुटते कशी? वेताळ असा प्रश्न विचारतो ज्याचं उत्तर राजाला खरंच माहीत नाही. राजा गप्प राहतो. चालत राहतो. मला तो गप्प चालणारा राजा सगळ्या उत्तरांपेक्षा मोठा वाटत आला आहे.

मुद्रितशोधक

वेताळाचा मुद्दा पटला. +१.

माझा धंदाच पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचा, त्यामुळे एक व्यावहारिक बाजू मांडतो. पुष्कळदा शेवट लेखक ठरवत नाही, बांधणी ठरवते. टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकच कादंबरी म्हणून लिहिली. प्रकाशकाला एवढं जाड पुस्तक खर्चात बसेना, म्हणून तीन खंड झाले. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. त्याच्या अखेरीस नायक फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या हाती पडलाय आणि त्याचा सोबती सॅम बंद दरवाजाबाहेर. तिसरा खंड ऑक्टोबर १९५५ मध्ये. मधले अकरा महिने वाचकांनी कसे काढले असतील! पण तो शेवटही बघा: वाचकाला सॅमएवढंच माहीत आहे, सॅमपेक्षा कमी नाही. आणि त्याआधी सॅमने, फ्रोडो मेला असं समजून, फ्रोडोवर सोपवलेली अंगठी स्वतःकडे घेऊन पुढे जायचं ठरवलेलं आहे. कान देऊन यांचा नियम तिथे लागू पडतो.

दुसरं, आपल्याच भाषेतलं. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातूनच क्रमशः आली. यमूची ती आत्मकथा कड्यावरून कड्यावर उड्या मारत जात नाही. एका मुलीचं आयुष्य पुढे सरकतं, एवढंच. तरी वाचक पुढच्या अंकाला येत होते, कारण यमूशी त्यांचं नातं जडलं होतं. कादंबरी आज वाचताना मला ती कुठे तुटली असेल याच्या खुणाही सापडत नाहीत. ज्या मालिकेला प्रत्येक भागाअखेर धक्का द्यावा लागतो, तिथे हे नातं जडलं आहे का, ते एकदा तपासून बघावं.

उशिरा वाचक

मी पूर्ण झालेल्या मालिकाच वाचतो. अर्धवट मालिकेला हात लावत नाही. कारण सांगतो.

आईची दृष्टी गेल्यावर मी तिला रोज संध्याकाळी अर्धा तास वाचून दाखवत असे. एक मालिका तिला फार आवडली. दुसऱ्या भागाचा शेवट असा, की एक बारा वर्षांचा मुलगा भुयारात अडकतो, मागे दरड कोसळते, हातात एक मशाल. संपलं. तिसरा भाग तीन वर्षांनी आला. आई त्याआधी गेली.

मधल्या काळात ती विचारायची, "तो मुलगा निघाला का रे बाहेर?" मी म्हणायचो, पुस्तक आलं की वाचू. शेवटच्या महिन्यात तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की निघाला. "कसा?" म्हणाली. मला सुचलं ते सांगितलं. मशालीची ज्योत एका बाजूला झुकत होती, म्हणजे समोरच्या बाजूने वारा येत होता असं त्याच्या लक्षात आलं आणि तो ज्योत झुकेल त्याच्या उलट दिशेने चालत गेला. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हुशार आहे पोरगं. मला वाटलंच होतं."

तिसरा भाग आला, मी दुकानातच उभ्याने उघडला. पहिल्या पानावर दोन ओळींत काम उरकलं होतं. कोणीतरी वरून दोर टाकला आणि तो बाहेर आला. कोणी टाकला, का टाकला, काही नाही. पुढे सरळ दुसरी गोष्ट सुरू. ते पुस्तक मी घेतलं नाही.

लेखिकाबाई, वर्षभर थांबायला लावणार असाल तर लावा. पण थांबणाऱ्यांतले काही जण तुमच्या दुसऱ्या भागापर्यंत नसतील, एवढं मनात ठेवून शेवट लिहा. त्यांनाही काहीतरी पुरं मिळायला हवं.

धावती पानं

उशिरा वाचक, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ज्योतीची कल्पना तुमची आहे आणि ती त्या लेखकाच्या दोरापेक्षा शंभर पटींनी चांगली आहे. तुमच्या आईंना जे मिळालं तोच खरा तिसरा भाग.

तिसरा खर्डा

आणि लेखकाचाही भरवसा नसतो. डिकन्सने 'एडविन ड्रूड' ही कादंबरी बारा हप्त्यांची ठरवली होती. जून १८७० मध्ये तो गेला, सहाच हप्ते निघाले. ड्रूडचं काय झालं याचे तर्क आजही चालू आहेत.

माझ्याबाबतीत लेखक जिवंत, पण मासिक गेलं. माझी क्रमशः कादंबरी चालू असताना ते बंद पडलं. सातव्या हप्त्याखाली 'क्रमशः' छापलेलं आहे आणि आठवा कुठेच नाही. वाचकांची पत्रं माझ्या घरी आली. प्रत्येकाला हाताने उत्तर लिहून पुढचं सांगितलं. तेव्हापासून हप्ता असो की खंड, त्याचा स्वतःचा असा एक प्रश्न त्याच्यातच मिटवतो. पुढचा उघडा ठेवतो.

कान देऊन

अवांतर: अपूर्ण राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं असं दाखवणारा ब्ल्यूमा झायगार्निकचा १९२७ चा अभ्यास लेखनाच्या कार्यशाळांमध्ये हमखास सांगतात. वेटरला बिल न चुकवलेल्या ऑर्डरी आठवतात आणि चुकवलेल्या विसरतात, वगैरे. मलाही सांगितला होता. पण नंतर ज्यांनी ते प्रयोग पुन्हा केले त्या सगळ्यांना तसाच निकाल मिळाला नाही. त्यामुळे "विज्ञान सांगतं, अर्धवट तोडा" असं कोणी म्हटलं तर लगेच मान डोलावू नका.

पानखूण

शाईचा डाग, रात्रभर तुमचीच गोष्ट डोक्यात होती. एक विचारू? अहवालात काय आहे? सही खोटी आहे ना?

खोटी असेल तर मला एक कळत नाही. भाऊ मेला आहे असंच सगळे धरून चालले होते. वारस उरली एकटी बहीण. मृत्युपत्र नसतं तरी घर तिलाच मिळालं असतं. मग खोटं मृत्युपत्र करायची गरज कोणाला पडली? ते करणाऱ्याला भाऊ जिवंत आहे हे माहीत असलं पाहिजे!

वेताळाचा श्रोता

पानखूण, अंगावर काटा आला.

कान देऊन

हे घ्या. पाकीट उघडलं की प्रश्न मिटत नाही, केवढा तरी मोठा होतो. आणि तो वाचकाला स्वतःहून पडतो, लेखिकेला काही लपवावं लागत नाही. आत्ता पानखूण रात्रभर जागल्याच ना?

मुद्रितशोधक

त्यात आणखी एक. तो प्रश्न नायिकेलाही पडला पाहिजे, आणि भाऊ दारात यायच्या आधी पडला पाहिजे. मग थाप पडते तेव्हा वाचक आणि ती दोघंही एकाच जागी उभी असतील.

शाईचा डाग

सगळ्यांचे मनापासून आभार. पानखूण, अगदी बरोबर ओळखलंत. तोच दुसऱ्या भागाचा प्रश्न आहे. मी तो पाकिटात बंद करून ठेवला होता, कारण मला भीती वाटत होती की उत्तर दिलं तर हातातली दोरी सुटेल.

पाच दिवस शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. आता ती संध्याकाळीच पाकीट उघडते. सही खोटी. ती टेबलाशी बसून राहते आणि तुम्ही मांडलात तोच हिशेब एकेक पायरी चढत करते. शेवटी तिला कळतं की कोणीतरी भावाच्या जिवंत असण्याची खबर बाळगून होतं. आणि मग हे:

"रात्री दीडच्या सुमारास दारावर थाप पडली. अहवाल टेबलावर उघडाच होता. तिने तो पुस्तकाखाली सारला, कंदील उचलला आणि कडी काढली.

दारात भाऊ उभा होता. दाढी वाढलेली, डाव्या कानाची पाळी अर्धी. नऊ वर्षांत रस्त्यात, गर्दीत, पाठमोऱ्या माणसांत तो तिला इतक्यांदा दिसला होता, की खरा समोर आल्यावर दचकायचं राहूनच गेलं.

'ताई,' तो म्हणाला, 'बाबा झोपले का?'

तिने मागे वळून वडिलांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

'हो,' ती म्हणाली. 'हळू ये.'"

पानखूण

"हळू ये" वाचून पोटात गोळा आला. वडील जाऊन आठ महिने झालेत हे मला माहीत, तिला माहीत, त्यालाच माहीत नाही. आणि ती खोटं बोलली. का बोलली? घर जाईल म्हणून? की त्याला आजची एक रात्र तरी नीट झोप मिळावी म्हणून? मला दोन्ही खरी वाटताहेत.

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)!

तिसरा खर्डा

कंदील गळून पडत नाही हे फार बरं झालं. ती तो धरून उभी आहे.

एकच सूचना. 'दचकायचं राहूनच गेलं' हे वाक्य ठेवा, पण त्याच्यापुढे कोणी काही जोडायला सांगितलं तर ऐकू नका.

उशिरा वाचक

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सही खोटी होती हे कळलं, भाऊ परत आला हे कळलं. एवढ्यावर कोणाला थांबावं लागलं तरी तो रिकाम्या हाताने जाणार नाही. हा भाग मी अर्धवट मालिकेचा असूनही वाचेन. दुसरा भाग लिहून झाला आहे का?

शाईचा डाग

दुसऱ्याची ६१ पानं झाली आहेत. तुमचा तो मशालीचा प्रतिसाद वाचल्यावर ठरवलं की त्याचा पहिला खर्डा पूर्ण झाल्याशिवाय पहिला भाग छापायला द्यायचा नाही. उशीर होईल, पण 'हळू ये' नंतरची सकाळ लिहून हातात असेल.

आणि हो, नवं शेवटचं पान त्या चौथ्या वाचकाला दिलं होतं. काल परत आलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय: "सकाळी त्या खोलीचं दार कोण उघडणार?"